दुसऱ्यांच्या थेट चर्चेतून आपल्या हापूसचे नाव कसे रुजवावे: बागायतदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मार्च ते मे या काळात समाजमाध्यमांवर आंब्याविषयीच्या थेट चर्चांना ऊत येतो. कोणी पाककृतीच्या चॅनेलवर आमरस करता करता खरा हापूस कसा ओळखावा ते सांगत असते, कोणी ग्राहकांच्या तक्रारींवर फेसबुक लाइव्ह घेते, तर परदेशातील एखादे महाराष्ट्र मंडळ आंब्याच्या पेट्यांच्या वाटपाआधी सभासदांशी ऑनलाइन बोलते. थेट ग्राहकाला माल विकणारे बागायतदार अशा चर्चांमध्ये शिरतात, ‘ओरिजिनल देवगड हापूस, संपर्क करा’ असे लिहून मोबाइल क्रमांक टाकतात आणि निघून जातात. सूत्रसंचालक ती कमेंट काढून टाकतो, काही वेळा खातेच रोखतो, आणि लाइव्हचा काही उपयोग होत नाही असा निष्कर्ष बागायतदार काढून मोकळा होतो. चूक माध्यमाची नसते, क्रमाची असते. ऐकणे, तयारी, उत्तर देणे आणि मग विक्री असा क्रम हवा असताना विक्री सर्वांत पुढे येते.

हा लेख स्वतःचे लाइव्ह घेण्याविषयी नाही. इतरांनी घेतलेल्या चर्चेत पाहुणा किंवा श्रोता म्हणून जाऊन आपल्या बागेचे नाव लोकांच्या लक्षात कसे राहील, एवढाच त्याचा विषय आहे. उदाहरणे हापूसची असली तरी काजू, कोकम किंवा पापड-मसाल्याचा घरगुती व्यवसाय करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडेल.

## टप्पा १: काय मिळणार आणि काय नाही, हे आधी ठरवा

थेट चर्चेत सहभागी झाल्याने त्याच रात्री पेट्या खपतील ही अपेक्षा सोडून द्यावी. मिळते ते वेगळे असते. ज्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी एरवी जाहिरातीवर पैसे घालावे लागले असते, ते लोक तुम्हाला एका अडचणीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देताना पाहतात. उत्तर आधी लिहून, सजवून आणलेले नाही हे त्यांना दिसत असल्यामुळे त्याचे वजन जाहिरातीपेक्षा जास्त असते. चर्चेचे रेकॉर्डिंग ठेवले गेले, तर तेच उत्तर पुढे आठवडाभर नवीन लोक ऐकत राहतात. आणखी एक लाभ बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: ग्राहक कशाला घाबरतो, कोणता शब्द वापरतो आणि कोणत्या दाव्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही, हे बाजारात बसून जेवढे कळत नाही तेवढे तासाभराच्या चर्चेत कळते.

म्हणून हंगामासाठी एकच ओळ लिहून ठेवा: ‘लोकांनी आमचे नाव कोणत्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे?’ उत्तर ‘उत्तम दर्जा’ असे असेल तर ते बाद समजावे, कारण तसे सगळेच म्हणतात. ‘साका (बाहेरून न दिसणारा, आतला खराब गर) निघाला तर फळ बदलून देणारे’, ‘आंबा घरी कसा पिकवायचा ते नीट सांगणारे’, ‘झाडावरून कधी काढला ती तारीख पेटीवर लिहिणारे’ अशी तपासून पाहता येणारी गोष्ट हवी. आणि जी गोष्ट तुम्ही आजही करत नाही, ती या ओळीत लिहू नका.

## टप्पा २: खाते आधी नीटनेटके करा

चर्चेत तुमचे उत्तर पटले की माणूस पहिल्यांदा नावावर बोट ठेवतो. तिथे मागच्या वर्षीचा दर, बंद पडलेला क्रमांक किंवा नुसते शुभप्रभातचे संदेश दिसले, तर सगळी मेहनत तिथेच संपते. त्यामुळे फेब्रुवारीतच पुढील गोष्टी उरकून घ्याव्यात.

सर्व माध्यमांवर नाव आणि चित्र एकच ठेवा. नाव देवनागरीत असेल तर परिचयात ते रोमन लिपीतही लिहा, कारण शोधताना पुष्कळ मराठी माणसेही रोमन अक्षरेच टाइप करतात. परिचयाच्या दोन ओळींत गाव-तालुका, माल कोणता, हंगाम कधी आणि मागणी कशी नोंदवायची एवढे यावे. इन्स्टाग्रामचे खाते खासगी ठेवलेले असेल तर ते सार्वजनिक करा. सर्वांत वर एक पोस्ट पिन करून ठेवा आणि तीत भाव देऊ नका. पेटी घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचे, याचे चित्रांसह मार्गदर्शन द्या.

भौगोलिक मानांकनाविषयी (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क) काही लिहिणार असाल तर शब्द जपून वापरा. ‘हापूस’ला २०१८ मध्ये मिळालेले मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांतील फळासाठी आहे. बाग या जिल्ह्यांत आहे एवढ्यावर मानांकनाचे चिन्ह वापरता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी झालेली असावी लागते. नोंदणी नसताना चिन्ह लावलेले खाते भर चर्चेत कोणी दाखवून दिले, तर पुढचे एकही उत्तर ऐकले जाणार नाही.

तपासा: व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला तुमचे खाते उघडायला सांगा आणि अर्ध्या मिनिटानंतर विचारा, ‘आम्ही कुठले, काय विकतो आणि मागणी कशी द्यायची?’ तिन्ही उत्तरे आली नाहीत तर परिचय पुन्हा लिहा.

## टप्पा ३: चर्चा निवडा आणि आधी नुसते ऐका

चर्चा निवडताना प्रेक्षकांची संख्या पाहण्याची सवय चुकीची आहे. ते प्रेक्षक कोण आहेत, हे पाहिले पाहिजे. शेतीविषयक चॅनेलवर मोहोर संरक्षण आणि तुडतुडे (मोहोरावरची कीड) यांवर हजार जण चर्चा करत असले तरी त्यांतले बहुतेक तुमच्यासारखेच बागायतदार असतात. तिथे शिकायला मिळते, ग्राहक मिळत नाही. पुण्यातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या गटाने घेतलेल्या लाइव्हमध्ये ४० माणसे असली तरी ती सगळी आंबा विकत घेणारी असतात. पाककृती, घरखर्च, ग्राहक हक्क, आहार, शहरांतील सोसायट्यांचे गट आणि परदेशातील मराठी मंडळे अशा गटांतून ८-१० सूत्रसंचालकांची यादी करा. नियमित ठरलेल्या दिवशी बोलणारे आणि प्रेक्षकांचे प्रश्न खरोखर वाचणारे सूत्रसंचालक यादीत वर ठेवा.

प्रत्येकाची किमान ३ लाइव्ह काहीही न लिहिता ऐका. या वेळी चार गोष्टी टिपून घ्या: कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, सूत्रसंचालक कोणत्या कमेंट मोठ्याने वाचतो, व्यापारी नावाने लिहिणाऱ्यांशी तो कसा वागतो, आणि प्रश्नोत्तरांची वेळ साधारण केव्हा येते. काही जण पहिली २० मिनिटे एकटेच बोलतात, आणि त्या वेळात तुम्ही दिलेले उत्तम उत्तरही वाहून जाते.

माध्यमागणिक रीत बदलते. एक्सवरील स्पेसेसमध्ये नुसता आवाज असतो, आणि सूत्रसंचालक, २ सहसूत्रसंचालक व १० वक्ते मिळून एका वेळी १३ जणच बोलू शकतात, त्यामुळे माइक मिळवण्यासाठी लवकर विनंती करावी लागते. यूट्यूबवर लिहिलेले आणि बोललेले यांत काही सेकंदांचे अंतर पडते. इन्स्टाग्रामवर कमेंट इतक्या वेगाने वर सरकतात की लांब परिच्छेद कोणीच वाचत नाही.

सावधान: अमेरिकेतील मंडळाच्या चर्चेला जाणार असाल तर वेळ स्वतः मोजा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे १ तास पुढे जातात. त्यामुळे न्यूयॉर्क आणि भारत यांच्यातील साडेदहा तासांचे अंतर साडेनऊ तासांवर येते. हंगामाच्या नेमक्या तोंडावर हा बदल होतो आणि ‘मागच्या वेळी सकाळी ७ ला होते’ म्हणून बसलेला पाहुणा चर्चा संपता संपता पोहोचतो. तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे बदलानंतर आपल्याकडचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ६.

## टप्पा ४: उत्तरांची वही तयार करा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात. बागेत ३० वर्षे घालवलेल्या माणसालाही कॅमेऱ्यासमोर ‘साका का होतो?’ या प्रश्नाचे उत्तर ४० सेकंदांत देता येत नाही. ज्ञान कमी असते म्हणून असे होत नाही. उत्तराची मांडणी कधी केलेलीच नसते. ऐकताना टिपलेल्या प्रश्नांतून नेहमीचे २० प्रश्न निवडा आणि प्रत्येकाचे उत्तर तीन भागांत लिहा: पहिल्या वाक्यात सरळ उत्तर, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात ऐकणाऱ्याला घरी करता येईल अशी एक कृती किंवा पारख. भाव, सवलत आणि क्रमांक या उत्तरांत कुठेही येऊ देऊ नका.

साक्याचे उदाहरण घेऊ. ‘आमच्या आंब्यात साका निघतच नाही’ हे उत्तर ऐकायला जोरदार असले तरी हापूस जाणणारा कोणीही ते खोटे आहे हे ओळखतो. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘साका बाहेरून ओळखता येत नाही, आम्हालाही येत नाही. फळ झाडावर जास्त पक्व होऊ दिले की साक्याचा धोका वाढतो, म्हणून आम्ही चौदा आणे तयार झालेले फळ काढतो. तरीही एखाद्या फळात निघालाच तर कापलेल्या फोडीचा फोटो काढून ठेवा आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांना त्याच दिवशी कळवा.’ यात आपल्या मर्यादेची कबुली आहे, बागेतली एक खरी रीत आहे आणि ग्राहकाच्या हातात देण्यासारखे काहीतरी आहे. ‘चौदा आणे’ (पूर्ण पक्व फळ सोळा आणे धरले तर त्याच्या थोडे आधीचे) म्हणजे काय, असे पुढे कोणीतरी विचारतेच, आणि मग चर्चा तुमच्याशी सुरू होते.

दुसरा हमखास प्रश्न पिकवण्याच्या पद्धतीचा असतो. इथे बहुतेक बागायतदार उत्साहाच्या भरात ‘बाजारातले सगळे आंबे केमिकलचे’ असे बोलून बसतात. हे चुकीचे आहे आणि महागातही पडू शकते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्न सुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, मात्र इथिलीन वायू १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. तेव्हा रायपनिंग चेंबरमध्ये पिकलेला प्रत्येक आंबा विषारी ठरत नाही. तुम्ही पेंढ्याच्या अढीत (पेंढ्यात थराथराने फळे रचून) पिकवत असाल तर तेवढेच सांगा: अढीला किती दिवस लागतात, फळे कधी चाळायची आणि देठाजवळचा वास कसा पाहायचा. दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवून आपला माल मोठा करणारा विक्रेता ऐकताना लोक माना डोलावतात, पण खरेदीच्या वेळी त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत.

तिसरा प्रश्न आरोग्याचा असतो, ‘मधुमेह असलेल्यांना हापूस चालतो का?’ याचे उत्तर ‘आपल्या डॉक्टरांना विचारा’ एवढेच द्या. गोड बोलून ‘नैसर्गिक गोडवा आहे, काही होत नाही’ असे म्हणणे हा आरोग्यविषयक दावा ठरू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तीच चूक झाल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो. थेट चर्चेत बोललेले हवेत विरून जाते असे समजू नका, कोणीतरी ते रेकॉर्ड करतच असते.

परदेशातील श्रोत्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘माझ्या पत्त्यावर एक पेटी कुरिअर कराल का?’ अमेरिकेने भारतीय आंबा २००७ पासून पुन्हा स्वीकारायला सुरुवात केली ती विकिरण प्रक्रियेच्या (किडींच्या बंदोबस्तासाठी फळांवर किरणांचा मारा) अटीवर. ही प्रक्रिया लासलगाव आणि वाशी येथील केंद्रांमध्ये होते, त्यानंतर तपासणी होऊन माल जातो. साध्या कुरिअरने पाठवलेली पेटी या वाटेने जात नाही. ‘पाठवतो की’ असे भोळेपणाने सांगणाऱ्यापेक्षा ही अडचण समजावून तिथल्या आयातदाराकडून घेण्याचा सल्ला देणारा माणूस मंडळाच्या लक्षात राहतो आणि पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून त्यालाच बोलावणे येते.

आणि ज्याचे उत्तर येत नाही त्या प्रश्नासाठीही एक वाक्य वहीत असू द्या. रोग-किडीचा किंवा फवारणीचा गुंतागुंतीचा प्रश्न आल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशींकडे बोट दाखवावे. अंदाजाने औषधाचे नाव सांगू नये.

तपासा: प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचून वेळ लावा. ४५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर कारणाचा भाग छाटा, पहिले वाक्य तसेच ठेवा. मग तेच उत्तर दोन ओळींची कमेंट म्हणून वेगळे लिहून मोबाइलच्या नोंदींत ठेवा.

## टप्पा ५: साधने आणि माणसे

यावर फार खर्च करण्याची गरज नाही. माइक असलेला साधा इअरफोन, चार्ज केलेली पॉवर बँक आणि रेंज खात्रीची असलेली जागा एवढे पुरे. बागेत उतारावर रेंज जाते-येते, म्हणून झाडाखाली बसून बोलण्याचा मोह टाळून घराच्या ज्या कोपऱ्यात नेट स्थिर राहते तिथे बसा. आवाज तुटला तर मागे दिसणाऱ्या आमराईचा काही उपयोग होत नाही. मोबाइलवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. हंगामात ड्रायव्हरचे आणि वाशीच्या दलालांचे फोन ऐन वेळी येतात आणि आवाज खंडित होतो.

शक्य असल्यास घरातली दुसरी व्यक्ती सोबत घ्या. एकाने बोलायचे किंवा लिहायचे, दुसऱ्याने प्रश्न टिपायचे आणि येणारे खासगी संदेश पाहायचे. काढणीच्या दिवशी दमून आलेला माणूस रात्री ९ वाजता नीट बोलू शकत नाही, हेही वेळापत्रक ठरवताना लक्षात घ्यावे.

## टप्पा ६: पहिला सहभाग कमेंटमधूनच

पहिल्याच दिवशी माइक मागू नका. सुरुवातीच्या ३-४ चर्चांमध्ये फक्त लिहून सहभागी व्हा, आणि तेही पुढील क्रमाने.

१. चर्चा सुरू झाल्यापासून ५ मिनिटांच्या आत हजर राहा आणि एकदाच नमस्कार लिहा. नावापुढे व्यवसायाचे नाव दिसतच असते, ते पुन्हा लिहू नका.

२. विषयाला धरून एक चांगला प्रश्न विचारा. जो नुसती उत्तरे देत सुटतो तो प्रचारक वाटतो, जो प्रश्नही विचारतो तो चर्चेतला वाटतो.

३. दुसऱ्या श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर देताना आधी त्याचे नाव आणि विषय लिहा, उदाहरणार्थ, ‘ताई, फ्रीजबद्दल: कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका, तो नीट पिकत नाही. आधी पेंढ्यात किंवा कागदावर एका थरात पिकू द्या, मग ठेवा.’ प्रक्षेपणातील अंतरामुळे तोवर चर्चा पुढे सरकलेली असते आणि विषय न लिहिलेले उत्तर कोणाला दिले ते कळत नाही.

४. सूत्रसंचालक स्वतः उत्तर देत असेल तर थांबा. त्याचे बोलणे अपुरे वाटले तर पूर्ण झाल्यावर भर घाला. ते चुकले असेल तर ‘आमच्याकडचा अनुभव थोडा वेगळा आहे’ एवढ्या शब्दांत सांगा. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन त्याच्या आमटीत मीठ कमी असल्याचे पंक्तीत ओरडून सांगण्याची गरज नसते.

५. एका चर्चेत ३-४ उपयोगी कमेंट पुरेत. ‘छान माहिती’, ‘अगदी बरोबर’, हात जोडलेली चिन्हे यांची गणती यात करू नका. त्यांनी नाव दिसते, पण कशासाठी लक्षात ठेवायचे ते कळत नाही.

६. ‘तुमच्याकडे आंबा मिळेल का?’ असे कोणी थेट विचारले तरी दर लिहू नका. ‘हो, माहिती आमच्या खात्यावर आहे, इथे विषय वेगळा चालू आहे’ एवढे लिहा. हा संयम सूत्रसंचालक हमखास पाहतो.

सावधान: लोकप्रिय लाइव्हमध्ये तुमच्यासारखेच नाव आणि चित्र लावून कोणी भामटा प्रश्न विचारणाऱ्यांना खासगी संदेशातून क्यूआर कोड पाठवू शकतो. म्हणून ‘आम्ही स्वतःहून कोणालाही पैसे मागणारा संदेश पाठवत नाही’ ही ओळ परिचयात कायम ठेवा. ग्राहकालाही सांगा की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते. ग्राहकाला त्याचा मोबाइल क्रमांक किंवा पत्ता उघड कमेंटमध्ये लिहायलाही सांगू नका.

## टप्पा ७: माइकवर बोलणे

कमेंट वाचल्या जाऊ लागल्या की सूत्रसंचालकाला खासगी संदेश पाठवा: कोणत्या विषयावर, किती मिनिटे आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकता, एवढ्या तीनच गोष्टी. ‘आम्हालाही बोलवा’ हा संदेश त्यांना रोज येतो. ‘पेटी घरी आल्यावर आंबा खराब होण्याची कारणे या विषयावर १० मिनिटे बोलू शकतो, प्रश्न सोबत जोडले आहेत’ असा संदेश क्वचित येतो.

माइक मिळाल्यावर नाव, गाव आणि काम एका वाक्यात सांगून लगेच विषयाला हात घाला. वाडवडिलांपासूनची बाग, मातीचा गुण, समुद्राचा वारा हे सगळे खरे असले तरी श्रोत्याच्या पेटीतला आंबा का नासला, हे त्याने कळत नाही. एका वेळी दीड मिनिटापेक्षा जास्त बोलू नका आणि बोलून झाल्यावर माइक बंद करा. मालवणी किंवा आपल्या बोलीतला सूर लपवण्याचे कारण नाही. तो सूर ऐकून हा माणूस खरोखर बागेतला आहे, याची खात्री पटते. फक्त ‘अढी’, ‘चौदा आणे’, ‘साका’ असे शब्द आले की अर्थही लगोलग सांगा.

सूत्रसंचालकाला तुम्ही मानधन, फुकट पेटी किंवा विक्रीवर हिस्सा देत असाल तर चित्र बदलते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा थेट प्रसारणात सशुल्क संबंध सुरुवातीला आणि शेवटी जाहीर करावा लागतो. ते सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलून मोकळे होऊ नका, आधीच लिहून ठरवा. माझे मत विचाराल तर पहिल्या हंगामात अशी देवाणघेवाण करूच नये, कारण न दिलेल्या पेटीवर मिळालेल्या निमंत्रणाची किंमत फार मोठी असते.

## टप्पा ८: भर चर्चेत तक्रार आली तर

‘मागच्या वर्षी तुमच्याकडून घेतलेल्या पेटीतले निम्मे आंबे सडके निघाले’ अशी कमेंट कधी ना कधी येणारच. त्या क्षणी शंभर माणसे आंब्यापेक्षा तुमच्या वागणुकीची पारख करत असतात, आणि नाव उभे राहण्याची किंवा जाण्याची खरी वेळ हीच असते. खुलासा आधी आणि दिलगिरी नंतर, हा नेहमीचा क्रम चुकीचा आहे.

आधी तक्रार ऐकल्याचे नाव घेऊन सांगा आणि त्रास झाला हे मान्य करा. मग ‘कुरिअरवाल्यांची चूक’, ‘तुम्ही फ्रीजमध्ये ठेवले असेल’ अशी कारणे न देता तुमचा नियम काय आहे ते एका वाक्यात सांगा, म्हणजे किती दिवसांत कळवल्यास फळ बदलता किंवा पैसे परत करता. त्यानंतर फक्त नोंदीतील नाव खासगी संदेशात पाठवण्याची विनंती करा आणि मूळ विषयाकडे वळा. तपासणी झाल्यावर जे ठरले ते, ग्राहकाची हरकत नसेल तर, त्याच कमेंटखाली लिहा. ही शेवटची पायरी फारच थोडे जण पाळतात. ती न पाळल्यास लोकांनी पाहिलेली तक्रार उघडी राहते आणि तिचा निकाल मात्र बंद दाराआड जातो.

तक्रार करणारा तुमचा ग्राहक नव्हताच असे नोंदीवरून दिसले, तर ‘आमच्या नोंदीत हे नाव सापडत नाही, मागणीचा तपशील पाठवल्यास लगेच पाहतो’ असे लिहा. ‘खोटे बोलता’ असे लिहू नका आणि नातेवाइकांना बाजू मांडायला बोलावू नका. एकाच आडनावाची पाच खाती एकदम कौतुक करू लागली की सर्वांना कळते.

तपासा: बदलून देण्याचा नियम घरातल्या सर्वांना सारखाच माहीत आहे ना? चर्चेत एकाने ३ दिवस आणि व्हॉट्सअॅपवर दुसऱ्याने ५ दिवस सांगितले तर नियमच खोटा ठरतो.

## टप्पा ९: चर्चेनंतरचे २४ तास

चर्चा संपली की फोन खाली ठेवून झोपू नका, निदान अनुत्तरित प्रश्नांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. इन्स्टाग्रामवर लाइव्ह संपल्यावर कमेंट पुन्हा पाहता येतील याचा भरवसा नसतो, आणि फेसबुकने २०२५ पासून लाइव्हचे व्हिडिओ ३० दिवसांनंतर काढून टाकण्याचे धोरण आणले आहे. तुमचे चांगले उत्तर त्यासोबतच जाणार असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूत्रसंचालकाला आभाराचा संदेश पाठवा आणि राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातच जोडून द्या, म्हणजे ती त्यांना वापरता येतील. आपल्या भागाची छोटी क्लिप वापरायची असेल तर परवानगी मागा आणि मूळ चर्चेचा उल्लेख ठेवा. ज्या प्रश्नावर सर्वाधिक लोक थांबले, त्याचे उत्तर स्वतःच्या खात्यावर सविस्तर लिहा. श्रोत्यांच्या कमेंट दाखवायच्या असतील तर त्यांची नावे आणि चेहरे झाका. ज्यांनी प्रश्न विचारला पण खरेदीबद्दल चकार शब्द काढला नाही, त्यांना दरपत्रक पाठवणे ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक आहे. आदल्या रात्री कमावलेले सगळे त्या एका संदेशाने जाते.

## टप्पा १०: उपयोग होतो आहे का, हे मोजा

लाइक आणि फॉलोअर यांकडे पाहू नका. मागणी नोंदवताना ‘आमच्याबद्दल कुठे ऐकले?’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर ग्राहकाच्या शब्दांत लिहून ठेवा. त्यासोबत प्रत्येक चर्चेपुढे चार नोंदी ठेवा: दुसऱ्या दिवशी खाते पाहणाऱ्यांची संख्या वाढली का, उत्तरासंबंधी किती खासगी संदेश आले, सूत्रसंचालकाने तुमचे नाव घेतले का, आणि पुढचे निमंत्रण आले का. कोणा अनोळखी माणसाने तुमच्या गैरहजेरीत तुमचे नाव सुचवले असेल तर ती नोंद लाल शाईने करा.

जूनमध्ये यादी पुन्हा काढा. ज्या चर्चांमधून एकही अर्थपूर्ण संदेश आला नाही त्या, प्रेक्षक कितीही असले तरी, गाळा आणि जिथे तुमची उत्तरे वाचली गेली अशा ३-४ ठिकाणी टिकून राहा. हंगाम संपल्यावर अचानक गप्प होणे हीही एक चूक आहे. पावसाळ्यात खतांवर, थंडीत मोहोरावर आणि वाशीच्या बाजारात आफ्रिकेतील मलावी देशाचा आंबा दिसू लागला की हंगामाबाहेरच्या हापूसवर चर्चा होतच असतात. महिन्यातून एकदा तिथे एखादा प्रश्न विचारला किंवा एखादे उत्तर दिले तरी पुरते. वहीतली २० उत्तरे मात्र जानेवारीत पुन्हा तपासा, कारण नियम, दर, फळ बदलून देण्याची मुदत आणि त्या वर्षीचा मोहोर यांपैकी काहीतरी बदललेले असतेच, आणि मागच्या वर्षीचे उत्तर यंदा दिल्याचे रेकॉर्डिंगमध्ये लगेच सापडते.